टाकाऊतून टिकाऊ

आमच्या वहिनी मोबाईलवर अख्ख्या जगाला टाकाऊतून टिकाऊ खेळणी करायला शिकवतात. पुठ्ठ्याची आगगाडी, तिला बाटल्यांच्या झाकणांची चाकं, आणि वर शहाणपण, "मुलांना महागडी खेळणी नको असतात हो, आईचा वेळ हवा असतो!" खेळणी टिकाऊ तर होणारच, पोटच्या पोरीला हात कुठे लावू देतात? व्हिडिओ झाला की गाडी थेट कपाटात, कुलपात.

काल त्या चार वर्षांच्या पोरीनं स्वतःच एक खेळणं केलं, रिकाम्या काडेपेटीचा मोबाईल. तो डब्याला टेकवून उभा केला, त्याच्याकडे बघून गोऽड हसली आणि शेजारच्या बाहुलीवर खेकसली,



"मध्येमध्ये काय येतेस गं खेळायला? दिसत नाही, आई खेळणी करतेय?"