खाचांचा नॉब

सावर्ड्याच्या भंगारवाल्याकडे अनिलने गिअरचे कितीतरी नॉब लावून बघितले. एकाचेही आटे त्याच्या गाडीला जुळेनात. शेवटचा मात्र घट्ट बसला. त्यावर झिजून पडलेल्या खाचांत त्याची बोटंही नेमकी बसली.

"तो नको नेऊस हां," भंगारवाला म्हणाला. "अपघाताच्या गाडीतला आहे. डायवरची मूठ सुटेना, म्हणून बोटां कापलानी."

"मेलेला काय गिअर टाकायला येतोय?" अनिल हसला.

घाटात नॉबवर हात ठेवूनच गाडी चालवायची त्याची सवय. पहिल्याच वळणावर नॉब कोमट लागला, मग नॉबनेच त्याचा हात आवळला. अनिलने हिसका दिला. नखं उलटली, हाडं कडकडली, रक्त दांड्यावरून ओघळलं.

समोर ट्रक आला. अनिलने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले.

शेजारी ॲक्सिलरेटर सावकाश खाली गेला.