पूजेतला पाना

झेंडूचा हार हातात घेऊन दिगंबरराव पार्किंगमध्ये उतरले, तर मोटरसायकल जागेवर नव्हती.

फरशीवर ऑइलचा डाग तेवढा होता. शेजारी त्यांच्या पत्नीची, हेमाताईंची, स्कूटर उभी होती. मुलगा आमोद लवकर उठून गाडी घेऊन गेला असणार. मग दिगंबररावांना कालची दुपार आठवली आणि ते हारासकट जिन्याकडे वळले.

मोटरसायकल त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या माघारी ती कितीतरी वर्षं गोणपाटाखाली पडून होती. पिंपरीच्या कारखान्याने उदारीकरणाच्या नव्या वाऱ्याबरोबर जुनी माणसं कमी करायला घेतली, तेव्हा दिगंबररावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिला बाहेर काढलं. कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगची जागा म्हणजे जणू ज्याचं त्याचं संस्थान. सेक्रेटरींनी ‘येथे भंगार ठेवू नये’ अशी पाटी लावली. दिगंबररावांनी त्या पाटीच्या खिळ्याला आपली टोपी अडकवली आणि इंजिन उघडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, त्यामुळे गाडी चालवणं बंद झालं होतं. पण हातांना सगळं दिसायचं. संगणक कंपनीत लागलेला आमोद सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून शिकायचा. गाडी त्याच्यासाठीच तयार होत होती.

काल खंडेनवमी. मागचं चाक बसवून त्यांनी नट नुसता बोटांनी फिरवत आणला, तेवढ्यात हेमाताई ताट घेऊन खाली आल्या.

“द्या ती हत्यारं. पूजेला उशीर होतोय.”

“एवढा नट आवळतो.”

“उद्या आवळा. माझ्या स्कूटरचं पुढचं चाक आठवडाभर घरघरतंय, ते बघायला बापलेकांना सवड नाही. मेलेल्या गाडीचे लाड मात्र चाललेत.”

नियम दिगंबररावांचाच होता. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. कारखान्यात साहेब डोक्यावर येऊन ओरडला, तरी त्या दिवशी त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. सगळे पाने निमूटपणे देवापुढे गेले, त्यांना हळदकुंकू लागलं. गाडी कुठे जाणार होती?

ते जिना चढून घरात आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“आमोद कुठे गेलाय?”

“खडकवासल्याला असेल. मित्रांना गाडी दाखवायची म्हणत होता.” हेमाताई दाराला तोरण बांधत होत्या. “काय झालं हो?”

“मागच्या चाकाचा नट आवळलेला नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे चाक निखळेल, हेमा. चालत्या गाडीचं.”

हेमाताईंना यंत्रातलं काही कळत नसे, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. तोरण तिथेच लोंबत राहिलं. त्या काळी मोबाइल बिल्डर लोकांकडेच असत, त्यामुळे आमोदला निरोप द्यायचा तरी कसा? दिगंबररावांना समोरचा माणूस धड दिसत नव्हता, ते काय पाठलाग करणार?

“मी जाते,” हेमाताई म्हणाल्या. “सिंहगड रोडनेच जातो तो. कुठेतरी चहाला थांबला असेल, तिथे गाठते.”

दिगंबररावांनी स्वतः स्कूटरची किल्ली शोधून त्यांच्या हातात दिली. एरवी ‘सावकाश जा’ म्हणणारा हा माणूस आज गॅलरीतून ओरडला, “जोरात घे!”

मग ते फोनपाशी बसले. फोन वाजला तेव्हा उचलायच्या घाईत रिसीव्हर खाली पडला. बहीण होती, दसऱ्याचा नमस्कार करत होती. त्यांनी मध्येच फोन ठेवून दिला. देवापुढे पाने ओळीने मांडलेले होते. त्यांच्याकडे त्यांना बघवेना. एवढासा नट आवळायला कितीसा वेळ लागला असता? देव काय रागावला असता? आपल्या हट्टापायी आपण पोराला मारलं, असं त्यांना स्वच्छ वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

रस्त्यावर कुठे ब्रेक करकचला की ते गॅलरीत धावत. खाली लोक गाड्या धुऊन हार घालत होते.

आणि मग तो आवाज आला. तो त्यांनी हजार गाड्यांत ओळखला असता. दिगंबरराव अनवाणीच जिना उतरले.

आमोद गाडी स्टँडवर लावत होता, अगदी धडधाकट. दिगंबररावांनी त्याला हातांनी चाचपलं, मग खाली बसून चाक चाचपलं. नट घट्ट होता.

“हा कुणी आवळला?”

“मीच, काल संध्याकाळी. ओरडू नका. पूजेतून हळूच पाना उचलला होता.”

दिगंबरराव हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू आलं. “नियम मोडलास, फार बरं केलंस रे. लाख वेळा मोड.”

“झालं काय एवढं?”

“काही नाही. आई येईल आता. तुला गाठायला सिंहगड रोडने गेलीये.”

“मी एनडीएच्या रस्त्याने परत आलो. कशावर गेली?”

“कशावर म्हणजे? स्कूटरवर.”

आमोदने स्कूटरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्याचा हात हँडलवरून गळून पडला.

“बाबा, चाक घरघरतंय म्हणत होती ना ती, म्हणून मी काल स्कूटरचंही पुढचं चाक काढलं होतं. ग्रीस भरलं, चाक परत अडकवलं, आणि वरून तुम्ही आरतीला हाक मारलीत. तुम्हाला पाना जागेवर दिसायला हवा, म्हणून मी तो तसाच नेऊन ठेवला. म्हटलं, बाकीचं उद्या पूजा झाल्यावर करू.”