तिसरा दिवा

"कसं वाटतंय, अण्णा? शेक लागतोय?"

रितेशने स्विचवरचा पहिला लाल दिवा लावला आणि गाडीच्या दारात उकिडवा बसला. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर काढून मागे टाकलं होतं. उघड्या स्पंजवर काळी, गादीसारखी पट्टी अंथरलेली आणि तिच्या दोन तारा खालून फ्यूजपर्यंत गेलेल्या. कव्हर चढवायच्या आधी एकदा बसून बघा, असं त्याचं म्हणणं. चढवल्यावर काही निघालं तर सगळं परत उसवावं लागतं.

"काही नाही रे. थंडगार आहे," अण्णा म्हणाले.

मालिनी बाहेर, गॅरेजमधल्या स्टुलावर बसली होती. हात गोमुखीत, ओठ हलत होते. विजेच्या तारांवर माणूस बसवायचा, हे तिला सकाळपासून सोसत नव्हतं. पण कंबरेला शेक हवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. लेकीने, मनस्विनीने, कोल्हापूरहून ही पट्टी मागवून दिलेली. उद्या पहाटे तिच्याच डोहाळजेवणाला निघायचं होतं, आंबा घाटातून. गाडी अण्णा चालवणार. दुसऱ्या कुणाच्या हाती ते गाडी देत नसत.

"रत्नागिरीत सगळे एसी गार होत नाय म्हणून येतात," रितेश म्हणाला. "बूड गरम करून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"मेल्या, साठी ओलांड, मग बोल."

रितेश हसला. दुसरा दिवा लावला आणि तोवर गाडीच्या तळाशी हात फिरवू लागला. "सीटचे चार स्क्रू होते. तीनच मिळतायत. पायाखाली बघा हो जरा."

अण्णांनी पाय थोडे सरकवले. पाय अनवाणी होते. डॅशबोर्डवर गणपती होता, म्हणून गाडीत चपला घालायच्या नाहीत हा मालिनीचा नेम, आणि अण्णा तो न चुकता पाळत. चपला दाराबाहेर जोडून ठेवलेल्या होत्या.

"इथे काही नाही. अरे, तुझी पट्टीच बिघडलेली दिसते. वाढव."

"शेवटचाच राहिलाय."

"लाव की मग."

तिसरा दिवा लागला. रितेश फ्यूज बघायला पलीकडच्या बाजूला गेला. अण्णा स्टिअरिंगवर बोटं वाजवत, समोरच्या रस्त्याकडे बघत बसले.

मालिनीची सातवी माळ चालू होती. मण्यावर बोट थांबलं. वास येत होता. कपड्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की येतो, तसा.

तिने गोमुखी कडोसरीला खोचली आणि गाडीपाशी आली. परक्यासमोर कसं करायचं, म्हणून सदरा नीट केल्यासारखं करत तिने अण्णांच्या मांडीखाली हात सरकवला. तो झटक्यात बाहेर आला. बोटांची टोकं तिने तोंडात धरली.

"अहो, उठा."

"अगो, अजून तापायचंय."

"उठा म्हणते ना!"

इतक्या मोठ्याने ती कधी बोलत नसे. अण्णा दार धरून उतरले. पांढऱ्या पायजम्यावर मागे चहा सांडल्यासारखा पिवळट डाग पडला होता. रितेशने धावत येऊन पट्टीवर तळवा टेकला आणि "आई गं!" करत मागे घेतला. घाईघाईने त्याने तार उपटली.

"अण्णा, ही तर तव्यासारखी झालीय. तुम्हाला भाजलं नाय?"

"जरा कोमट लागत होतं," अण्णा म्हणाले. विझलेल्या दिव्यांकडे बघत म्हणाले, तिच्याकडे नाही.

मालिनीला चैत्रातला उत्सव आठवला. भर दुपारची वेळ, देवळाचं जांभ्याचं अंगण नुसतं पेटलेलं. अकरा प्रदक्षिणा घालताना सगळे टाचांवर नाचत सावली गाठत होते. अण्णा एकटे सावकाश चालत होते, पावलापुढे पाऊल टाकत. मागून चालताना तिच्या तळव्यांना फोड आले, पण ऊर भरून आला होता. देव चालवतो त्यांना, असं तिने आळीभर सांगितलं होतं. अण्णांच्या समोरच सांगितलं होतं. ते ऐकून घेत आणि सुपारी कातरत बसत.

तिची नजर गाडीत गेली. स्टिअरिंगखाली क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. तीन पेडलं, अंधारात जवळजवळ चिकटून असलेली. कुठला पाय कुठे आहे, हे यांना कळतं कसं? आणि कधीपासून?

"घाटात..." ती म्हणाली.

"त्यात काय? चाळीस वर्षं चालवतोय. रितेश, दुसरी पट्टी आहे का बघ. उद्या पहाटे निघायचंय."

रितेश जागचा हलला नाही.

मालिनी खाली बसली. तेलकट फरशीवर गुडघे टेकून तिने अण्णांचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला.

"काकू, इथे कुठे पाया पडताय," रितेश कसनुसा हसत म्हणाला.

तिने पाऊल उचलून उजेडाकडे वळवलं. अण्णांनी गाडीच्या टपाचा आधार घेतला. तळव्यात, टाचेच्या पुढच्या मऊ मांसात, स्क्रूचं चकचकीत डोकं होतं. पूर्ण आत बसलेलं. भोवती रक्ताचा एकच थेंब, तोही सुकत आलेला.

रितेशचं हसू थांबलं.

अण्णांनी वरून वाकून बघितलं. तिच्या हातांमुळे त्यांना दिसेना. मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं,

"लागलंय का गो?"