कोंबड्यांचं पथ्य

"मोज पुन्हा पहिल्यापासून," खुराड्यासमोरच्या स्टुलावरून परकारचाचा म्हणाले, आणि रुकय्याने हातातली मक्याची पाटी दाणकन खाली आपटली.

चाचांच्या नातीच्या लग्नासाठी रुकय्याच्या चाळीस कोंबड्या ठरल्या होत्या. पण रुकय्या कोंबड्यांना अळ्या खाऊ घालते हे कळलं आणि चाचांचं मन खाऊ लागलं. मौलवीसाहेबांनी समजावलं, किडे खाणं हा कोंबडीचा स्वभावच, मांस हलालच. तरी समाधान होत नसेल तर तीन दिवस नुसते दाणे घाला. तेव्हापासून चाचा पहाऱ्यालाच बसले. एखादीने किडा टिपला की तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला मुंगीने दिवस मोडले, दुसऱ्या खेपेला वाळवीने. काल एकीने नाकतोडा गिळला तेव्हा मात्र चाचा म्हणाले, "हा टोळाच्या जातीचा. टोळ आपल्यालाही खायला चालतो, हा धरू नको." आणि आज झुरळ.

"चाचा, लग्न परवावर आलंय. वऱ्हाडाला काय मका वाढणार?"

"अगं, पण नको तो किडा पोटात गेला म्हणजे..." चाचांनी मोठा आ केला आणि एक चिलट थेट घशात शिरलं. चाचा खोकले, खाकरले, पण चिलट काही परत आलं नाही. चाळीस कोंबड्या माना वाकड्या करून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

रुकय्याने खुराड्याचं दार उघडून धरलं. "या आत, चाचा. तीन दिवस मक्यावर."

"चुकून गेलेलं माफ असतं गं."

"ते कोंबड्यांना सांगा."

चाचा स्टुलावरून उठले. "कोंबड्या न्यायला टेम्पो बोलावतो," म्हणाले.