डावा हात

"भीती गेली वाटतं?" डॉक्टरांनी हसून विचारलं आणि आशाबाईचा डावा हात पुढ्यात घेतला.

तिला काही कळलं नाही. तिचा नवरा गुणवंत खिडकीबाहेर बघू लागला.

मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ती गोंडपिपरीहून नागपूरला डायलिसिसच्या मशीनवर यायची. त्यासाठी मानेजवळून छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घातलेली होती. ती पदराखाली झाकायची. नळीपायी थंडी-ताप यायचा, की पुन्हा भरती. ऑपरेशननं हातातल्या शिरा जोडल्या तर मशीनची सुई तिथंच टोचता येते आणि नळी निघते, हे ती शेजारच्या खाटांवर पाहत होती. पण डॉक्टर जे सांगायचे ते बाहेर, गुणवंतला. "तुह्या नसा बारीक हायेत म्हणे," तो येऊन सांगायचा.

गेल्या महिन्यात अर्धांगानं खाटेला खिळलेली सासू, अंजनाबाई, वारली. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला आणि गुणवंत म्हणाला, "चाल, हाताचं पाहू." दुःखानं माणूस हळवा होतो, असं आशाबाईला वाटलं होतं.

डॉक्टरांनी तिचा सुजलेला खांदा दाबला. छातीवर उमटलेल्या निळ्या शिरा पाहिल्या. त्यांचं हसू मावळलं.

"नळी फार दिवस राहिली. डावीकडची आतली मोठी शीर बंद झालीय. उजवीकडची तर आधीच गेली होती. आता हातात काही करता येणार नाही. मी दरवेळी यांना सांगायचो, बाई. पण तुम्ही ऑपरेशनला घाबरता, म्हणाले."

"मी? मले कोणी इचारलंच नाई. माह्या नसा बारीक हायेत ना?"

"चांगल्या होत्या."

"मंग ऑपरेशन केलं असतं तर का बिघडलं असतं, साहेब?"

"काहीच नाही. त्या हातानं जड उचलायचं नाही, एवढंच."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

आशाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. सकाळ-संध्याकाळ अंजनाबाईला कवेत घेऊन उचलायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं. मशीनवरून आलेल्या दिवशीही. गुणवंत दाराशी उभा राहून विचारायचा, पाणी तापलं का?

"आई होती न माही," तो म्हणाला. "तिले कोणं उचललं असतं?"

"तुमी," आशाबाई म्हणाली.