सह्यगणकाचा मंदावलेला वेग

हेमांगी सबनीस यांच्या ‘सह्यगणक’ या संगणकाचा एकही भाग बिघडलेला नव्हता. तरीही तो दरवर्षी मंद होत होता. कोयनेच्या भूकंपनोंदींचे जे गणित पूर्वी तासाभरात सुटे, त्याला आता चाळीस दिवस लागत. अशी तीस गणिते उरली होती, ती दुसऱ्या यंत्रावर चालत नव्हती आणि बाईंची दृष्टी वर्षभरात जाणार होती.

त्यांचा जुना विद्यार्थी तन्वीर मुलाणी याने चौथ्यांदा यंत्र तपासले.

"बाई, याला मंत्री करा. प्रकृती ठणठणीत, काम शून्य."

"विनोद पुरे. कारण शोध."

तन्वीरने बंद पडलेल्या उत्पादक कंपनीची जुनी कागदपत्रे मिळवली आणि आठवड्याने तो परत आला.

"बाई, सह्यगणक इतका स्वस्त कसा, हे तेव्हा विचारलं होतंत?"

"नाही रे. पेढे वाटले होते."

किंमत पाडण्यासाठी कंपनीने प्रत्येक यंत्रात आवश्यक गणनशक्तीचा जेमतेम हजारावा भाग बसवला होता. उरलेली शक्ती ते यंत्र इतर ग्राहकांच्या रिकाम्या सह्यगणकांकडून नेटवरून उसनी घेई. कंपनीने सत्तर हजार सह्यगणक विकले होते. त्यांपैकी आता हा एकच चालू होता.