शेवटचा प्रश्न

“आता शेवटचं. एक छानसा उखाणा होऊन जाऊ दे!” मुलाखत घेणारे साहेब हसत म्हणाले.

शलाकाचा हात नकळत गळ्याशी गेला. मंगळसूत्र तिने सकाळीच काढून पर्समध्ये ठेवलं होतं. याआधी दोन औषध कंपन्यांनी ‘नवीनच लग्न झालंय का? बरं, कळवतो,’ म्हणून तिला वाटेला लावलं होतं. इथल्या अर्जात मात्र लग्नाचा रकानाच नव्हता. ‘निवड फक्त गुणवत्तेवर, कायद्यानुसार’ असं खाली छापलेलं वाचून तिला हायसं वाटलं होतं.

नवऱ्याचं नाव घेतलं, तर ही प्रयोगशाळेतली नोकरीही गेली. लग्न झालं नाही असं खोटं सांगायला जीभ रेटेना. साहेबांच्या शेजारच्या मॅडम टेबलाकडे बघत बसल्या होत्या.

शलाका सावरून बसली.

“थेंबाथेंबाने मोजते आम्ल, चूक होत नाही कधी,
कायद्याचं नाव घेते, कामाचं विचारा आधी.”

मॅडमनी चटकन वर पाहिलं. त्यांना हसू आवरेना. सुटले बाई, असं शलाकाला क्षणभर वाटलं.

साहेबांनी तर टाळीच वाजवली. “वा, काय जुळवलंत! पण एक सांगू? इतका सराईत उखाणा लग्न झाल्याशिवाय येत नाही हो.”

आणि तिच्या अर्जाच्या कोऱ्या समासात त्यांनी पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारली.